मिनिटांचा रकाना

माझ्या मामांनी मुंबईच्या मैदानांवर वर्षानुवर्षं स्कोअरिंग केलं. त्यांच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. लांबट, जाड पुठ्ठ्याच्या, पावसानं कडा फुगलेल्या. प्रत्येक फलंदाजाच्या नावासमोर तो मैदानात कधी उतरला आणि कधी परतला याची वेळ टिपलेली: आत ११.४२, बाहेर २.१५. किती वेळ उभा राहिला, हा त्या वहीतला मोठा प्रश्न. किती चेंडू खेळला, ते कुठंच नाही. गोलंदाजांच्या चौकटींतले ठिपके आणि आकडे जुळवत बसलं तर काढता येईल; पण मामांना ते काढावंसं वाटलं नव्हतं आणि त्यांना तसं कुणी विचारलंही नव्हतं. पुढच्या वह्यांमध्ये, साधारण ऐंशीच्या दशकात, त्यांनी पट्टीनं एक उभी रेघ मारून स्वतःच नवा रकाना पाडलेला दिसतो. वर लिहिलंय, ‘चेंडू’. आणखी काही वर्षांनी त्यांनी वेळ टिपणं सोडून दिलं.

हे पुस्तक त्या उभ्या रेघेबद्दल आहे.

मिनिटं मोजणाऱ्या क्रिकेटचं एक टोक आपल्या पुण्यात गाठलं गेलं. १९४८-४९ चा रणजी हंगाम. डिसेंबरमध्ये कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अगदी हाताशी आला होता आणि मध्यंतरात काठियावाडच्या कर्णधारानं पुढं खेळायलाच नकार दिला. त्याच हंगामात, पुढच्या मार्चमध्ये, पुण्यातच मुंबई आणि महाराष्ट्र समोरासमोर आले. मुंबई ६५१, महाराष्ट्र ४०७, पुन्हा मुंबई ८ बाद ७१४, पुन्हा महाराष्ट्र ६०४. एका सामन्यात २,३७६ धावा. निकाल लागला, मुंबई ३५४ धावांनी जिंकली. हे आकडे मी लहानपणी पाठ केले होते, पाढ्यांसारखे. त्यांचा अर्थ फार उशिरा कळला. दुसऱ्या डावात सातशे धावा करत बसणाऱ्या संघाला वेळ संपायची भीती नव्हती. वेळ मुबलक होता, मौल्यवान होती ती विकेट. मुंबईच्या क्रिकेटला ज्या ‘खडूस’पणाचा अभिमान आहे तो या हिशेबातून जन्मला. आपली विकेट फुकट द्यायची नाही. कोपर वर, बॅट सरळ, चेंडू जमिनीवर.

आता कुणी म्हणेल की छोटे सामने तर आपल्याकडे आधीपासून होते. होतेच. १९४८ साली सुरू झालेली कांगा लीग भर पावसाळ्यात, एकेका दिवसात उरकायची. गल्लीत तर अंधार पडेपर्यंतच खेळ. एक टप्पा आउट, गच्चीवर गेला की आउट, ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. पण इथं एक बारीक फरक आहे आणि माझ्या मते सगळी गोष्ट त्या फरकात आहे. घड्याळावर चालणारा सामना कितीही लहान असला तरी त्यात फलंदाजाला नाही म्हणायची सोय असते. जिंकता येत नाही, ठीक आहे, मी हरणार नाही. उभा राहीन, बॅट-पॅड जुळवून, दिवे लागेपर्यंत. सामना अनिर्णित राखणं हे क्रिकेटमधलं मोठं कौशल्य होतं. आपल्या देशानं आपले कित्येक नायक त्या कौशल्यावर निवडले. षटकं मोजायला लागल्याबरोबर ही सोय गेली. तुम्ही चेंडू अडवा, सोडा, काहीही करा, तो तुमच्या खात्यातून वजा होणार. टिकून राहणं ही आता मिळकत राहिली नाही, तो खर्च झाला.

षटकं आखून खेळायची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली यावर बरेच दावे आहेत. केरळात त्रिपुनिथुरा इथं १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पूजा स्पर्धेत ठरावीक षटकांचे सामने होत. गावोगावच्या मैदानांवर कुणी ना कुणी हे केलेलं असणार. पण या प्रकाराला अधिकृत क्रिकेटच्या घरात घेतलं ते इंग्लंडनं, आणि अगदी गरजेपोटी. कौंटी सामन्यांची मैदानं ओस पडत चालली होती. हौशी आणि व्यावसायिक खेळाडूंमधला जुना भेद १९६२ च्या अखेरीस मोडला आणि पुढच्याच वर्षी दाढीची पाती विकणाऱ्या जिलेट कंपनीच्या पैशावर ६५ षटकांची बाद पद्धतीची स्पर्धा सुरू झाली. आता गंमत अशी की लोकांना फटकेबाजी दाखवायला आणलेला हा खेळ पहिल्यांदा नीट समजला तो बचाव करणाऱ्या कर्णधाराला. ससेक्सच्या टेड डेक्स्टरच्या लक्षात आलं की इथं समोरच्याला बाद करण्याची सक्ती नाही, धावा रोखल्या तरी पुरे. त्यानं क्षेत्ररक्षक स्लिपमधून काढून सीमारेषेकडे पांगवले, वेगवान गोलंदाजांना टप्पा धरून ठेवायला सांगितलं आणि पहिली दोन्ही विजेतेपदं नेली. लॉर्ड्सवरच्या पहिल्या अंतिम सामन्यात ससेक्सनं केल्या होत्या १६८ धावा, आणि त्या पुरल्या. मर्यादित षटकांच्या क्रिकेटचा पहिला मोठा शोध षटकार नव्हता, सीमारेषेवरचा माणूस होता. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण पुढं साठ वर्षं हेच चालत राहिलं. फलंदाज दार उघडतो, गोलंदाज आणि कर्णधार कडी शोधतात.

१९६९ मध्ये रविवारची ४० षटकांची लीग आली. ५ जानेवारी १९७१ ला मेलबर्नला पावसानं कसोटी वाहून गेली म्हणून आठ-आठ चेंडूंच्या ४० षटकांचा एक सामना लावला, त्याला सेहेचाळीस हजार माणसं आली आणि एकदिवसीय आंतरराष्ट्रीय क्रिकेट नावाचा प्रकार जवळजवळ अपघातानं जन्मला. हे सगळीकडे वाचायला मिळतं. कमी वाचायला मिळतं ते हे: पहिला विश्वचषक पुरुषांचा नव्हता. १९७३ च्या उन्हाळ्यात, पुरुषांच्या दोन वर्षं आधी, रेचल हेहो फ्लिंट या इंग्लंडच्या कर्णधार बाईंनी जॅक हेवर्ड या धनिकाला राजी करून ६० षटकांचा महिला विश्वचषक भरवला आणि स्वतः जिंकलाही. आणि एकदिवसीय क्रिकेटमधलं पहिलं द्विशतक सचिनचं नव्हे. ते १६ डिसेंबर १९९७ ला ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कनं डेन्मार्कविरुद्ध केलं, नाबाद २२९, वांद्र्याच्या एमआयजी क्लबच्या मैदानावर. त्या मैदानाशेजारून रोज जाणाऱ्या किती मुंबईकरांना हे माहीत आहे? छोट्या क्रिकेटच्या इतिहासात बायका प्रत्येक वळणावर आधी पोचलेल्या दिसतात. पहिला टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामनादेखील त्यांचाच, ऑगस्ट २००४ मध्ये होव्हला. म्हणून या पुस्तकात त्यांच्यासाठी शेवटी जोडलेलं वेगळं प्रकरण नाही. त्या प्रत्येक प्रकरणात आहेत.

भारताला हा खेळ आवडला नाही. अजित वाडेकरांच्या नेतृत्वाखाली आपण १३ जुलै १९७४ ला हेडिंग्लेला पहिला एकदिवसीय सामना खेळलो. वाडेकरांनी त्यात छान ६७ धावा केल्या. आदल्या हिवाळ्यात पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांच्या नावानं मर्यादित षटकांची विभागीय स्पर्धाही सुरू झाली होती. म्हणजे तोंडओळख होती. पण ओळख होणं आणि मानणं यांत अंतर असतं. ते अंतर जगाला ७ जून १९७५ रोजी लॉर्ड्सवर दिसलं. इंग्लंड ६० षटकांत ४ बाद ३३४. भारत ६० षटकांत ३ बाद १३२. सुनील गावसकर नाबाद ३६, चेंडू १७४.

या डावाची आजवर भरपूर टिंगल झाली आहे. मला ती कधीच पटली नाही. गावसकर काय करत होते हे मामांच्या वहीतून बघा. तिथं लिहिलं असतं, ‘सलामीला आला, अखेरपर्यंत नाबाद’, आणि मामांनी त्याखाली अभिमानानं रेघ ओढली असती. समोर तीनशे चौतीस म्हणजे त्या काळी न पेलणारं ओझं. न पेलणाऱ्या ओझ्यापुढं काय करायचं, तर उभं राहायचं, ही शिकवण त्यांच्या हाडात होती. चार वर्षांपूर्वी वेस्ट इंडिजमध्ये याच शिकवणीनं देशाला मालिका जिंकून दिली होती. चूक एवढीच की त्या दिवशी चलन बदललं होतं आणि खिशात जुन्या नोटा होत्या.

आता बारा वर्षं पुढं, ३१ ऑक्टोबर १९८७, नागपूरचं व्हीसीए मैदान. रिलायन्स चषक, म्हणजे विश्वचषकच. न्यूझीलंडच्या २२१ धावा आणि गटात पहिलं यायचं तर त्या ४२ व्या षटकाच्या आसपास व्हायला हव्यात. गावसकर अंगात ताप घेऊन उतरले आणि ८८ चेंडूंत नाबाद १०३. भारतानं ३२.१ षटकांतच सामना संपवला. एकदिवसीय क्रिकेटमधलं त्यांचं ते एकुलतं एक शतक. पाच दिवसांनी वानखेडेवर ते आपला शेवटचा सामना खेळले. एकाच माणसाच्या या दोन डावांमधल्या बारा वर्षांत भारत बदलला. पुस्तकाचं सगळ्यात लांब प्रकरण या बारा वर्षांवर आहे.

त्या काळात काय घडलं? १९८३ घडलं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मला वाचकांनी लॉर्ड्सवरच्या विश्वचषक विजयाच्या आधी तीन महिने मागं जावं असं वाटतं. २९ मार्च १९८३, गयानातलं बर्बिस. भारत ४७ षटकांत ५ बाद २८२, गावसकर ९०, कपिलदेव ३८ चेंडूंत ७२. वेस्ट इंडिज २७ धावांनी पराभूत. छोट्या सामन्यात वेस्ट इंडिजला हरवता येतं, हे भारतीय खेळाडूंना त्या दिवशी कळलं. बाकीच्या जगाला २५ जूनला कळलं. मधे टनब्रिज वेल्सला ५ बाद १७ वरून कपिलच्या नाबाद १७५ धावा, आणि उपान्त्य सामन्यात आमच्या शिवाजी पार्कच्या संदीप पाटलांच्या ३२ चेंडूंतल्या नाबाद ५१. पाटलांचा तो डाव मी अजूनही डोळ्यांपुढं आणतो. त्यात दादरचं मैदान होतं आणि दादरच्या मैदानावर ज्याला रागावत असत ते सगळंही होतं.

त्या संघाला बक्षीस द्यायला मंडळाकडे पुरेसे पैसे नव्हते. लतादीदींनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये मिळाले. मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. अंतिम सामन्याची जादा तिकिटं लॉर्ड्सवर नाकारली गेली, तो अपमान साळव्यांनी मनात ठेवला आणि विश्वचषक इंग्लंडबाहेर काढायचा ध्यास घेतला. १९८७ चा विश्वचषक भारत आणि पाकिस्तानात आला तो त्या ध्यासातून. इंग्लंडातला लांबलचक उन्हाळी दिवस आपल्याकडे नाही, म्हणून साठांची पन्नास षटकं झाली. आज आपण पन्नास हा आकडा पाषाणावर कोरल्यासारखा मानतो. तो आपल्या हिवाळ्यातल्या लवकर मावळणाऱ्या उन्हानं ठरवला आहे.

केरी पॅकरबद्दल इथं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलं आहे. १९७७ ते १९७९ या दोन हंगामांत त्यांनी प्रकाशझोत, रंगीत कपडे, पांढरा चेंडू आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यासाठी आखलेलं क्रिकेट आणलं. आपल्याकडे ते सगळं येऊन रुजायला दीड दशक गेलं, आणि ते रुजवणारी घटना मैदानावर घडली नाही. १९९३ च्या हीरो चषकाचं प्रक्षेपण कुणी करायचं यावरून वाद न्यायालयात गेला. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. एका दिवसात निकाल लागणारा, दर षटकानंतर जाहिरातीला जागा देणारा खेळ आणि नुकतीच मोकळी झालेली दूरचित्रवाणी यांची गाठ तिथं पडली. पुढची तीस वर्षं भारतीय पैसा क्रिकेटवर राज्य करतो आहे, त्याचा उगम मी कपिलच्या हातातल्या चषकाइतकाच या निकालात पाहतो.

मैदानावर मात्र एक गणित हळूहळू उलगडत होतं. साधी भागाकाराची गोष्ट आहे. कसोटीत दोन दिवस फलंदाजी करायची म्हणजे साधारण १८० षटकं, १,०८० चेंडू. विकेट दहा. एका विकेटच्या वाट्याला १०८ चेंडू. साठ षटकांत हा वाटा ३६ वर आला, पन्नासमध्ये ३० वर, वीस षटकांत १२ वर. चेंडू महागले, विकेट स्वस्त झाली. फलंदाजांनी हे लगेच ओळखलं असं नाही. पन्नास षटकं असली तरी सलामीवीर पहिली पंधरा षटकं नवा चेंडू जुना करण्यात घालवत आणि मारामारी शेवटच्या दहा षटकांसाठी राखून ठेवत. कसोटीचंच छोटं रूप. पहिल्या पंधरा षटकांत बाहेर दोनच क्षेत्ररक्षक ठेवायचा नियम असूनही! १९९२ मध्ये न्यूझीलंडच्या मार्क ग्रेटबॅचनं ती सवय मोडली. त्याच संघानं ऑफस्पिनर दीपक पटेलला नवा चेंडू देऊन उलट बाजूनं तेच केलं. २७ मार्च १९९४ ला ऑकलंडला सिद्धूची मान आखडली म्हणून सचिन पहिल्यांदा सलामीला गेला आणि ४९ चेंडूंत ८२ करून आला. मग श्रीलंका. २ मार्च १९९६ ला दिल्लीत जयसूर्या आणि कालुवितरणानं भारताविरुद्ध पहिल्या तीन षटकांत ४२ धावा फटकावल्या. हताश मनोज प्रभाकर आपली मध्यमगती सोडून ऑफस्पिन टाकू लागला. पंधरा दिवसांनी लाहोरला श्रीलंका जगज्जेता होता. तीस चेंडूंच्या वाट्याचा खरा अर्थ पहिल्यांदा नीट लावला तो श्रीलंकेच्या पोरांनी.

टी-ट्वेंटीची कथा याच भागाकाराची पुढची पायरी आहे आणि तिथंही सुरुवात इंग्लंडच्या रिकाम्या खुर्च्यांपासूनच होते. इंग्लंडच्या मंडळात विपणन बघणाऱ्या स्टुअर्ट रॉबर्टसननं लोकांना विचारलं, तुम्ही मैदानावर का येत नाही. उत्तर सरळ होतं: वेळ नाही. ऑफिस सुटल्यावर सुरू होऊन तीन तासांत संपेल असा खेळ कौंट्यांपुढं ठेवला, मतदान अकराविरुद्ध सात असं सुटलं आणि १३ जून २००३ ला स्पर्धा सुरू झाली. भारतीय मंडळानं नाक मुरडलं. आपला पहिला टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामना झाला डिसेंबर २००६ मध्ये, जोहान्सबर्गला. सचिन आयुष्यात हा एकच टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामना खेळला. पुढच्या वर्षी पहिल्या जागतिक स्पर्धेला सचिन, द्रविड, गांगुली गेलेच नाहीत. धोनीच्या हाती पोरांचा संघ, बरोबर व्यवस्थापक म्हणून मुंबईचे लालचंद राजपूत. २४ सप्टेंबर २००७, पाकिस्तानविरुद्ध पाच धावांनी विजय. विमानतळापासून वानखेडेपर्यंत उघड्या बसमधून निघालेली ती मिरवणूक ज्यांनी पाहिली त्यांना विचारा. रस्त्यावर तेव्हा विसर्जनासारखी गर्दी होती. नको म्हणत स्वीकारलेल्या खेळानं पाच महिन्यांत, २० फेब्रुवारी २००८ ला मुंबईतल्या एका हॉटेलात खेळाडूंचा लिलाव घडवला, आणि १८ एप्रिलला बंगळूरुत ब्रेंडन मॅक्युलमनं नाबाद १५८ धावा करून आयपीएलचं दार उघडलं.

आयपीएलबद्दल माझ्या मनात दोन भावना आहेत आणि मी त्या दोन्ही या पुस्तकात ठेवल्या आहेत. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपण हक्कांसाठी ४८,३९० कोटी रुपये मोजले गेले. इतक्या पैशापुढं खेळाचं वेळापत्रक, खेळाडूचं शरीर, रणजीचा हंगाम, सगळं वाकतं. ते मला खुपतं. पण याच स्पर्धेनं पहिल्या वर्षी गोव्याच्या स्वप्निल अस्नोडकरला ग्रॅम स्मिथबरोबर सलामीला उभं केलं. रणजीच्या खालच्या गटात खेळणाऱ्या गोव्याच्या पोराकडे तोवर कुणी बघत नव्हतं. आणि प्रवीण तांबे! मुंबईच्या मैदानांवर आयुष्य घालवलेला लेगस्पिनर, एकही प्रथम श्रेणी सामना नावावर नाही, आणि २०१३ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी आयपीएलमध्ये पदार्पण. पुढच्या वर्षी हॅट-ट्रिक. रणजी पदार्पण आयपीएल पदार्पणानंतर, उलट्या क्रमानं. जुन्या व्यवस्थेनं तांब्यांना कधीच हाक मारली नसती. हे मी जुन्या व्यवस्थेवर प्रेम करणारा माणूस म्हणून लिहितो आहे.

गोलंदाज या क्रांतीत मेला, असं सर्रास बोललं जातं. मला ते मान्य नाही. बारा चेंडूंच्या गणितात गोलंदाजाला स्वतःची नवी भाषा शोधावी लागली आणि ती त्यानं शोधली. श्रीरामपूरच्या झहीर खाननं २०११ च्या विश्वचषकात बोटांच्या पेरांवर धरून सोडलेला तो संथ चेंडू आठवा, हात तितक्याच वेगानं येतो आणि चेंडू मागं राहतो. मनगटी फिरकीला सत्तर-ऐंशीच्या दशकांत कर्णधार महागडी चैन समजत. आज तिच्यावाचून कुठलाही संघ वीस षटकं काढू शकत नाही. क्षेत्ररक्षणाचं तर बोलायलाच नको. २९ जून २०२४ ला बार्बाडोसला सूर्यकुमार यादवनं सीमारेषेवर घेतलेला मिलरचा झेल, दोरीच्या आत, बाहेर, पुन्हा आत, हा डेक्स्टरच्या त्या पांगवलेल्या क्षेत्ररक्षकाचा साठ वर्षांनंतरचा वारसदार आहे.

आणि सूर्यकुमारचा तो फटका, मुंबईची पोरं ज्याला ‘सुपला’ म्हणतात. धान्य पाखडताना सुपाला द्यावा तसा मनगटाचा झटका आणि चेंडू यष्टिरक्षकाच्या मागून सीमेपार. हा फटका कुठल्या प्रशिक्षणकेंद्रात शिकवलेला नाही. तो सिमेंटच्या पट्टीवर, रबराच्या चेंडूवर, चाळ आणि वसाहतींमधल्या वेड्यावाकड्या जागेत जन्मला. कोकणात शिमग्याच्या सुट्टीत ट्यूबलाइटच्या उजेडात सहा-सहा षटकांचे टेनिस बॉलचे सामने मी रात्ररात्र पाहिले आहेत. तिथं कुणी चेंडू सोडत नाही. सोडला तर प्रेक्षकांतला म्हातारासुद्धा ओरडतो. हे क्रिकेट होतंच आपल्याकडे. पण शाळेच्या संघात निवड व्हायची असेल तर ते विसरून यावं लागे. आता विसरावं लागत नाही, एवढंच नव्हे, मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये टेनिस बॉलवर दहा-दहा षटकांची व्यावसायिक लीगच सुरू झाली.

खेळ पसरला तोही याच लहान रूपात. पाच दिवसांचं क्रिकेट शंभराहून जास्त वर्षांत बारा देशांपलीकडे गेलं नाही. २०१८ मध्ये आयसीसीनं आपल्या सगळ्या सभासद देशांच्या टी-ट्वेंटी सामन्यांना आंतरराष्ट्रीय दर्जा दिला आणि नकाशा बदलला. ६ जून २०२४ ला डॅलसजवळ अमेरिकेनं पाकिस्तानला हरवलं तेव्हा निर्णायक सुपर ओव्हर टाकली सौरभ नेत्रावळकरनं. मुंबईत वाढलेला, मुंबईकडून एक रणजी सामना खेळलेला, जागा होत नाही हे ओळखून शिकायला परदेशी गेलेला आणि तिथं सॉफ्टवेअर इंजिनीअर झालेला मुलगा. नोकरी सांभाळून खेळायला मिळालं कारण खेळ तीन तासांचा होता. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट असणार, तो ठराव १६ ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतच झाला.

मग गेलं काय? मी हे टाळणार नाही. गेली ती नाही म्हणायची सोय. कसोटीसुद्धा आता तीच राहिलेली नाही. डिसेंबर २००९ मध्ये ब्रेबॉर्नवर सेहवाग एका दिवसाअखेर २८४ वर नाबाद परतला, तेव्हा आम्ही वेड्यासारखे टाळ्या वाजवत होतो. २०२४ मध्ये कानपूरला बांगलादेशविरुद्ध दोन दिवसांहून जास्त खेळ पावसात गेला. माझ्या तरुणपणी अशा कसोटीचे शेवटचे दोन दिवस लोक कॅरम खेळत काढत. भारतानं ३४.४ षटकांत ९ बाद २८५ वर डाव सोडला आणि सामना जिंकला. थरारक होतं. तरी मला त्या संध्याकाळी चुकचुकल्यासारखं झालं. शेवटच्या दिवशी पिठूर उजेडात, चारी बाजूंनी क्षेत्ररक्षक, आणि एक फलंदाज काहीही न करता सगळं करतो आहे, हे दृश्य माझ्या नातवंडांना फार थोड्या वेळा बघायला मिळेल. एकदिवसीय क्रिकेटही आता दोन्हीकडून दाबलं जातं आहे. आणि रणजीत हजारो धावा करणाऱ्याचं नाव आज किती जणांच्या तोंडी असतं?

त्यातलं एक नाव अमोल मुजुमदार. १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते तेव्हा पॅड बांधून पुढच्या क्रमांकावर बसून राहिलेला मुलगा. १९९४ मध्ये रणजी पदार्पणातच २६०. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा आणि भारताची टोपी एकदाही नाही. मिनिटांच्या रकान्यातला हा माणूस २०२५ मध्ये भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक म्हणून नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये उभा होता. २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर हरमनप्रीतच्या संघानं विश्वचषक जिंकला. पण मला सांगायचंय ते तीन दिवस आधीच्या रात्रीबद्दल. उपान्त्य सामना, समोर ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. जेमिमा रॉड्रिग्ज दुसऱ्याच षटकात आली आणि शेवटच्या धावेपर्यंत उभी राहिली. नाबाद १२७. चिखलानं माखलेला पोशाख, डोळ्यांत पाणी, आणि डगआउटमध्ये मुजुमदार.

त्या रात्री मी दूरचित्रवाणीसमोर मामांची एक अर्धी कोरी राहिलेली वही उघडून बसलो होतो. दोन्ही रकाने भरले. जेमिमाचे चेंडू १३४. ती आत आली ती वेळ आणि बाहेर पडली ती वेळ, तीही शेजारी लिहून ठेवली आहे.